मामा, अजून एकदा ऐका ना!

'रॉक मशीन'चं 'इंडस क्रीड' झालं, बँड फुटला, परत जमला आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' घेऊन आला. पहिल्या फटक्यात हातात न येणारा हा अल्बम. पण जरा दम धरला तर...?

जुन्या बँडकडून आपल्याला नेमकं काय हवं असतं? खरं सांगा हं. नवी गाणी? छे! आपल्याला हवी असतात तीच जुनी गाणी, त्याच आवाजात, त्याच स्पीडने. स्टेजवरून 'आता आमच्या नव्या अल्बममधलं...' अशी अनाउन्समेंट झाली की अर्धं पब्लिक चहा प्यायला बाहेर! मग त्या बिचाऱ्या बँडने करायचं काय? जन्मभर स्वतःचीच नक्कल?

'इंडस क्रीड'ने तसं केलं नाही. म्हणूनच 'इव्हॉल्व्ह' आवडायला वेळ लागतो. आणि म्हणूनच तो वेळ द्यावा, असं मला मनापासून वाटतं.

थोडा फ्लॅशबॅक

१९८४ मध्ये मुंबईत 'रॉक मशीन' सुरू झाला. गिटारवर महेश तिनईकर. पुढे गायक उदय बेनेगल आणि की-बोर्डवर झुबिन बालापोरिया आले. तेव्हा आपल्याकडे रॉक वाजवायचं म्हणजे बहुतेक वेळा परदेशी बँड्सची गाणी हुबेहूब वाजवायची. ह्या पोरांनी स्वतःची गाणी लिहिली. 'रॉक अँड रोल रेनेगेड' १९८८ मध्ये आला, 'द सेकंड कमिंग' १९९० मध्ये. मग स्टार टीव्हीवरून एमटीव्ही घराघरात शिरला. १९९३ मध्ये बँडने नाव बदललं आणि नावात थेट सिंधू नदी आली. त्याच वर्षी 'प्रिटी चाइल्ड'च्या व्हिडिओने एमटीव्हीचं आशियातल्या प्रेक्षकांच्या पसंतीचं अवॉर्ड पटकावलं. १९९५ मध्ये 'इंडस क्रीड' नावाचाच अल्बम, आणि १९९७ मध्ये सगळं खल्लास! उदय न्यूयॉर्कला गेला. तिथे गिटारिस्ट जयेश गांधीसोबत त्याने 'आम्स फॉर शांती' हा बँड काढला. नंतर उदय आणि महेश 'व्हर्लिंग कलापाज' ह्या नावाने अकूस्टिक वाजवू लागले. २०१० मध्ये 'इंडस क्रीड' परत उभा राहिला. उदय, महेश, झुबिन हे तिघे जुने, तर बेसवर रशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे दोघे नवे.

म्हणजे 'इव्हॉल्व्ह' आला तो तब्बल सतरा वर्षांच्या गॅपनंतर. मिक्सिंग टिम पामरचं. पर्ल जॅमचा १९९१ चा 'टेन' मिक्स करणारा हाच तो माणूस. एवढं सगळं वाचून प्ले दाबावं, तर...

'गाणं कामून सुरू होईना?'

ही प्रतिक्रिया माझ्या मामांची. मुक्काम पोस्ट अर्धापूर, जिल्हा नांदेड. केळीची बाग, घरी ट्रॅक्टर, आणि कपाटात 'रॉक मशीन'ची कॅसेट! दचकू नका. मामा ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मुंबईत शिकायला होते. धोबीतलावच्या रंगभवनात त्यांनी हा बँड समोर उभं राहून ऐकलाय. १९८६ मध्ये सुरू झालेल्या 'इंडिपेंडन्स रॉक'च्या गोष्टी सांगताना त्यांचा आवाज आजही चढतो. मग आजोबा आजारी पडले, बाग बघायला कुणी नव्हतं, आणि मामा गावी आले ते आलेच.

मागच्या दिवाळीत मी पुण्याहून ट्रॅव्हल्सने गेले, तेव्हा फोनवर 'इव्हॉल्व्ह' घेऊनच गेले. वाटलं, मामा खूश होतील. झालं उलटंच.

"नुसतं वाजवायलेत. आपला उदय असा हळू कामून गातोय? कोरस कुठंय?"

तक्रार चुकीची नाही. जुन्या 'रॉक मशीन'मध्ये मिनिटभरात सगळ्यांनी हात वर करून ओरडावं, असा कोरस यायचा. इथे गाणी लांब आहेत. चाल हळूहळू उलगडते, ताल मध्येच कूस बदलतो, गिटार पुढे येऊन मिरवण्यापेक्षा मागे राहून वातावरण तयार करते. 'फायरफ्लाइज' किंवा 'डिझॉल्व्ह' एकदाच ऐकून गुणगुणता येतील अशी गाणी नाहीत. पहिल्या दिवशी मलाही अल्बमचा दरवाजा सापडत नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी एकच केलं. सगळी आठ गाणी एकदम लावायच्या भानगडीत न पडता एकच गाणं निवडलं आणि फक्त ड्रम्स ऐकले. पुढच्या वेळी फक्त बेस. मग लक्षात आलं, की खालची माणसं नवी आहेत, त्यांचा ठेका नवा आहे, आणि वरचे तिघे त्या ठेक्याशी जुळवून घेत नव्याने वाजवतायत. उदयचा आवाज खाली उतरलाय, पण थकलेला नाही. विशीत ओरडून सांगायची गोष्ट तो आता शेजारी बसून सांगतोय. एकदा हे ऐकू आलं की कोरसची वाट बघणं आपोआप थांबतं.

आणि बघा ना, आपल्याला हे काही नवीन आहे का? विलंबित ख्याल ऐकताना 'मुखडा कधी येणार' म्हणून कुणी घड्याळ बघतं? तिथे आपण निवांत बसतो, कारण वेळ लागणार हे ठाऊक असतं. मग रॉकनेच काय घोडं मारलंय? रेडिओहेडने १९९७ मध्ये 'ओके कॉम्प्युटर' केला, सगळ्यांनी डोक्यावर घेतला. २००० मध्ये 'किड ए' आला आणि कितीतरी फॅन्स गिटार शोधत बसले. आज तोच अल्बम मोठा मानतात. गाणी तीच आहेत, ऐकणारे त्यांच्यापर्यंत पोचले.

पिलबाग

तिसऱ्या संध्याकाळी मामा मोटार बंद करून आले आणि स्वतःहूनच म्हणाले, "लाव बरं ते कालचं." पूर्ण ऐकलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही पिलबाग आहे बघ."

शहरातल्या मंडळींसाठी सांगते. केळीचा घड निघाला की ते झाड कापतात, ते पुन्हा फळत नाही. पण त्याच कंदातून बाजूला पील फुटतं आणि वाढू दिलं तर तेही घड देतं. मूळ तेच, झाड मात्र दुसरं. त्यात कापलेलं झाड शोधायचं नसतं.

त्या रात्री मामांनी पहिल्यांदा मला विचारलं, की मुंबई सोडली नसती तर आपण काय झालो असतो, असं मला वाटतं का. मी काय बोलणार! त्यांनीच उत्तर दिलं. "काही का असेना, रंगभवनातला पोरगा आता मला भेटणार नाही. उदयला तरी तो कुठं भेटतोय?"

मला वाटतं, अवघड अल्बमची खरी अडचण तालात नसते. जुना बँड बदलला की आपलंही वय झालंय हे मान्य करावं लागतं, आणि ते जड जातं. कॉलेजचा ग्रुप पाच वर्षांनी भेटतो, तेव्हा आपण जुनेच जोक मारतो ना? नव्या माणसाला भेटायला वेळ लागतो, म्हणून आपण जुन्यालाच भेटत राहतो.

ट्राय करून बघा!

* ऑफिसात मेल टाइप करता करता हा अल्बम लावू नका. वाया जाईल. घरी जाताना हेडफोनवर ऐका.
* एका वेळी एकच गाणं. तेच तीनदा.
* 'प्रिटी चाइल्ड' लगेच आधी ऐकू नका. तुलना सुरू होते.
* दोन आठवड्यांनीही नाही आवडला? काही हरकत नाही. जुन्या गाण्यांना कुणी हात लावलेला नाही.

मामांनी अजून पूर्ण अल्बमला पास केलेलं नाही. आठांपैकी तीन गाणी आवडली म्हणतात. बाकीची पाच पुढच्या तोडणीपर्यंत ऐकू, असा वायदा आहे.