घडाशेजारचं बाळ

नेदरलँड्समध्ये हेगजवळच्या लोसड्यूननच्या चर्चमध्ये दोन तसराळी जपून ठेवली आहेत. १२७६ साली मार्गारेट नावाच्या उमरावपत्नीला एकदम ३६५ मुलं झाली आणि त्यांचा बाप्तिस्मा या भांड्यांत झाला, अशी दंतकथा आहे. पुढे डॉक्टरांना या दंतकथेमागे द्राक्षगर्भ असावा अशी शंका आली. त्यात वारेचे पाणी भरलेले फुगे द्राक्षांच्या घडासारखे लोंबतात. मराठी शब्द अगदी चपखल आहे.

या घडाचं मूळ कळायला १९७७ उजाडलं. पूर्ण द्राक्षगर्भातली गुणसूत्रं सगळी बापाकडूनच आलेली असतात, हे काजी आणि ओहामा या संशोधकांनी दाखवलं. अर्धवट द्राक्षगर्भ वेगळा. त्यात गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात आणि गर्भ दिसला तरी तो सहसा जगत नाही. त्यामुळे सोनोग्राफीत घड आणि बाळ दोन्ही दिसले, की पहिला प्रश्न हाच: हे जुळं आहे का? जुळं असेल तर एका गर्भाचा द्राक्षगर्भ झालेला असतो आणि दुसरा स्वतःच्या निरोगी वारेवर वाढत असतो. हा प्रकार फार दुर्मीळ. वीस हजार ते एक लाख गरोदरपणांत एखादा.

अशा बाईला बराच काळ एकच सल्ला मिळे, पिशवी रिकामी करा. भीती खोटी नव्हती. रक्तस्राव, वाढलेला रक्तदाब आणि मागे राहिलेल्या पेशींतून कर्करोग, हे धोके होतेच.

मग २००२ साली ‘लॅन्सेट’मध्ये ब्रिटनमधल्या अशा ७७ जुळ्यांचा अभ्यास आला. माझ्या मते या सगळ्या प्रवासातलं खरं वळण हेच. २४ जणींनी गर्भपात निवडला, ५३ जणींनी गर्भ ठेवला. त्यांतल्या २३ जणींचा गर्भ चोविसाव्या आठवड्याआधीच पडला, दोघींना रक्तदाबामुळे गर्भपात करावा लागला. हाती जिवंत बाळं आली वीस. आणि गर्भ ठेवल्यामुळे पुढच्या केमोथेरपीची शक्यता फारशी वाढलेली दिसली नाही. नंतरच्या काही पाहण्यांत मागे राहिलेल्या पेशींचा हा आजार जास्त जणींत आढळला, पण निर्णय आईचा, हे तेव्हापासून रुजलं. वीस हा आकडा लहान वाटेल. पूर्वीच्या सल्ल्याने तो शून्य झाला असता.

१९५६ पासून मेथोट्रेक्सेट हे केमोथेरपीचं औषध हाताशी आहे आणि हा आजार बहुतेकींत पूर्ण बरा होतो. मात्र बाळ घरी आलं तरी आईच्या रक्तातल्या एचसीजी या गरोदरपणाच्या संप्रेरकाच्या तपासण्या चुकवू नका.