उंबरठ्यावरची मतपेटी

माहूरगडावर रेणुकामातेच्या दर्शनास जो पायऱ्या चढून गेला आहे, त्याला वृद्धांच्या गुडघ्यांची कथा निराळी सांगावयास नको. पैनगंगेच्या खोऱ्यातील तांड्यांपासून मतदान केंद्रापर्यंतची वाट ज्यांना आता चालवत नाही, त्यांच्या दारी मतपत्रिका नेण्याची सोय १९६१ च्या निवडणूक नियमांत २०१९ साली झाली. चाळीस टक्के वा अधिक अपंगत्व असलेल्यांसही ती आहे. वयाची अट प्रथम ८० होती. मार्च २०२४ मध्ये ती ८५ करण्यात आली. जणू मधल्या पाच वर्षांत आमच्या वृद्धांचे गुडघे बळकटच झाले!

ही मते गोळा कोणी करावयाची, याविषयीचे नियम कडक आहेत आणि ते तसेच राहावेत. मतदान अधिकारी स्वतः घरी येतात, उमेदवारांना आगाऊ कळविले जाते, चित्रीकरण होते. गावच्या पुढाऱ्याचा हात लिफाफ्यास लागत नाही. अमेरिकेतील उत्तर कॅरोलिनात २०१८ मध्ये एका उमेदवाराच्या हस्तकांनी घरोघर हिंडून टपाली मतपत्रिका गोळा केल्या; अखेर ती निवडणूक २०१९ मध्ये पुन्हा घ्यावी लागली. ॲरिझोना राज्याने अशा त्रयस्थ संकलनावर २०१६ मध्ये घातलेली बंदी तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उचलून धरली. परंतु ज्या दूरच्या आदिवासी वस्त्यांत टपालच घरी पोचत नाही, त्यांची मते कोणी न्यावयाची, हा विरोधकांचा प्रश्न काही खोटा नव्हता. माहूरच्या वाचकास तो परका वाटू नये.

आमची तक्रार संकलनाविषयी नाही, त्याआधीच्या अर्जाविषयी आहे. १२-ड नमुन्यातील अर्ज अधिसूचनेपासून पाच दिवसांत द्यावा लागतो. केंद्रस्तरीय अधिकारी तो घेऊन घरी जातात, हे खरे. परंतु २०२४ च्या विधानसभेची अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली, म्हणजे ऐन दिवाळीच्या तोंडावर, कर्ती माणसे शेतात असताना! शिवाय अर्ज मंजूर झाला की यादीत खूण होते व केंद्रावर मत देता येत नाही. पथक दोनदा येऊन गेले आणि आजोबा तेव्हा नांदेडच्या इस्पितळात असले, तर मतदानाच्या दिवशी घरी परतूनही त्यांचे मत गेलेच.

मतपत्रिका उमेदवारांच्या माघारीनंतरच छापल्या जातात. त्या वेळी माघारीची मुदत ४ नोव्हेंबर होती. अर्जही तोवर घ्यावेत. ज्याच्या हाती मतपत्रिका दिलीच गेली नाही, त्याच्या नावापुढील खूण पुसून त्यास केंद्रावर मत देऊ द्यावे. कोरी मतपत्रिका पथकाकडेच असल्याने दुबार मतदानाचे भय उरत नाही. नियमांतील ही दुरुस्ती केंद्र सरकारला निवडणूक आयोगाच्या विचाराने राजपत्रातून करता येते. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.