चांदीची वाटी आणि किचन-काटा



गेल्या महिन्यात लेकीचं उष्टावण ठरलं. इथे टूवूंबात चांदीची वाटी कुठे मिळणार? नवऱ्याने ऑप शॉपमधून ६ डॉलरला एक झकास चकचकीत वाटी आणली. फोनवर सासूबाईंनी लगेच विचारलं, "अगं, पण चांदीचीच आहे ना?" मी उलटी करून पाहिली. खाली चार अक्षरं होती: ई.पी.एन.एस.

याचा अर्थ "इलेक्ट्रोप्लेटेड निकेल सिल्व्हर". निकेल सिल्व्हर म्हणजेच आपलं जर्मन सिल्व्हर. त्यात चांदी औषधालासुद्धा नसते! साधारण ६० टक्के तांबं, बाकी निकेल आणि जस्त. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन कारागिरांनी एका चिनी मिश्रधातूची नक्कल केली, म्हणून हे नाव. (आपल्याकडे "जर्मनचं पातेलं" म्हणतात ते मात्र ॲल्युमिनियमचं, त्याचा याच्याशी संबंध नाही.) त्यावर विजेने चांदीचा पातळ मुलामा चढवतात. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन यांनी १८४० मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं.

शोभेला हे छानच. पण आमच्या वाटीचा मुलामा आत घासला जाऊन पिवळट धातू दिसत होता. तिथे ताक किंवा फळाचा रस लागला की तांबं आणि निकेल अन्नात उतरू शकतं. निकेलची ॲलर्जीही बऱ्याच जणांना असते. स्वस्त "चांदीच्या" कानातल्यांनी कान खाजतात, त्याचं कारण पुष्कळदा हेच. सहा महिन्यांच्या बाळाला त्यात भरवायला मन घेईना.

मग आठवली आजीने माझ्या बारशाला दिलेली वाटी. काळी पडलेली, कुठलाही शिक्का नसलेली. शिक्का नसणं साहजिकच, भारतात चांदीचं हॉलमार्किंग २००५ मध्ये सुरू झालं. पण खरी असेल का? काळवंडण्यावरून कळत नाही, कारण मुलाम्याची चांदीही हवेतल्या गंधकाने काळवंडते. लोहचुंबक जर्मन सिल्व्हरलाही चिकटत नाही.

शेवटी शाळेतला आर्किमिडीज कामाला आला. तुम्हीही करून बघा:

१. वाटीचं कोरडं वजन करा.
२. किचन-काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा.
३. वाटी दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला टेकू देऊ नका, बुडबुडे राहू देऊ नका.
४. काट्यावर जितके ग्रॅम दिसतील, त्याने कोरड्या वजनाला भागा.

शुद्ध चांदीचं उत्तर १०.५ येतं, ९२.५ टक्के चांदी आणि बाकी तांबं असलेल्या स्टर्लिंगचं १०.४ च्या आसपास, जर्मन सिल्व्हरचं साधारण ८.७. ऑप शॉपची वाटी: ६२ भागिले ७.२, म्हणजे ८.६. आजीची: ८४ भागिले ८.१, म्हणजे १०.४! (टक्केवारीची खात्री मात्र सराफाकडूनच करावी. आत शिसं असेल तर ही परीक्षा फसू शकते.)

शुद्ध चांदी फार मऊ, म्हणून तांबं घालावंच लागतं. ते किती घालायचं यातच सगळा व्यवहार. इथलाच जुना फ्लोरिन घ्या: १९४५ पर्यंत ९२.५ टक्के चांदी, १९४६ पासून ५०. १९६६ च्या गोल ५० सेंटच्या नाण्यात ८० टक्के चांदी होती. चांदी महागली, नाण्यातला धातूच नाण्यापेक्षा मोलाचा झाला, आणि १९६९ पासून बारा बाजूंचं नाणं आलं. त्यात ७५ टक्के तांबं, २५ टक्के निकेल. चांदी शून्य. आपला रुपयाही १९४० मध्ये असाच ५० टक्क्यांवर उतरला होता.

उष्टावण आजीच्या वाटीतच झालं. आजी आता नाही. आई मात्र वेबकॅमवर होती. घनतेचा आकडा अभिमानाने सांगितला, तर म्हणाली, "त्यात मोजायचं काय? तिने पाटल्या मोडल्या नव्हत्या, पण चार महिने भिशीचे पैसे बाजूला ठेवले होते."

ऑप शॉपच्या वाटीत सध्या देवाची फुलं असतात.

कळावे, लोभ असावा.
टूवूंबाहून एक सभासद