गुडघा दुखतो, पण दोष घोट्यात असला तर?

कळवण तालुक्यात डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ कांद्याची लागवड सुरू झाली की आपल्या आयाबहिणी उजाडताच टोळीने शेतावर निघतात. ओल्या वाफ्यात कधी कमरेत वाकून, कधी उकिडवे बसून रोप लावायचे आणि तसेच पुढे सरकायचे. संध्याकाळी घरी आल्यावर भाकरी थापायला पुन्हा तीच बैठक. मग एके दिवशी गुडघा धरतो. रोज बुडू नये म्हणून बाई दवाखान्यात जाते, सुई टोचून घेते आणि दुसऱ्या दिवशी परत वाफ्यात उभी राहते. दुखऱ्या गुडघ्याला कोणी हातसुद्धा लावलेला नसतो!

भगिनींनो, गुडघा एकटा काम करीत नाही. वर खुबा, खाली घोटा आणि पाऊल, या दोहोंच्या मध्ये तो सापडलेला आहे. समजा, दोन वर्षांपूर्वी बांधावरून पाय मुरगळला, हळद लावली, सूज उतरली. पण घोटा आखडलेलाच राहिला. आता उकिडवे बसताना टाच जमिनीला टेकत नाही, भार पुढे येतो आणि गुडघ्याच्या वाटीवर पडतो. दुखते गुडघ्यात, मूळ मात्र घोट्यात. खुब्याच्या आजाराची कळही कित्येकदा गुडघ्यातच जाणवते.

अमेरिकेत १८७४ साली अँड्र्यू टेलर स्टिल या डॉक्टरने ऑस्टिओपॅथी नावाची पद्धत मांडली. तिच्या सगळ्याच दाव्यांना शास्त्राचा आधार मिळालेला नाही. पण सांधा हाताने चाचपून पाहा, त्याच्या वरचा-खालचा सांधाही पाहा, ही तिची शिस्त घेण्यासारखी आहे. चांगला अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्ट हेच करतो. तो आधी तुम्हाला चालायला लावील, चपलेचा तळ कुठे झिजला ते पाहील, दोन्ही पाय शेजारी ठेवून सूज ताडून बघेल, सांधा स्वतः हलवून पाहील. यातले काहीच झाले नाही, तर तपासणी झाली नाही असे समजा आणि "डॉक्टरसाहेब, पाय बघून घ्या" असे सांगा. लुगडे गुडघ्यावर घ्यायचा संकोच वाटत असेल तर सून किंवा लेक सोबत न्या.

घोट्याची एक परीक्षा घरी होते. भिंतीकडे तोंड करून उभे राहा. टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा आणि पाऊल थोडे थोडे मागे घेत जा. टाच न उचलता गुडघा जेमतेम टेकतो तिथे थांबा आणि अंगठा भिंतीपासून किती लांब आहे ते पाहा. मग दुसरा पाय. दोहोंत दोन बोटांहून जास्त फरक निघाला तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

पाय नुकताच मुरगळला असेल तर प्रश्न वेगळा. हाड मोडले की नुसता लचकला? कॅनडातील ओटावा येथे इयान स्टील व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली यासाठी साधे नियम दिले, ते आज जगभर वापरतात. घोट्याच्या आतल्या किंवा बाहेरच्या हाडाच्या टोकावर वा मागच्या कडेवर दाबले असता दुखते, करंगळीच्या रेषेत पावलाच्या मध्यावरचे किंवा आतल्या कमानीवरचे हाड दाबल्यावर दुखते, किंवा पायावर भार देऊन चार पावलेही टाकता येत नाहीत. यांपैकी एक जरी असेल तरी एक्स-रे हवा. तोवर कोणाकडूनही पाय ओढून घेऊ नका.

सांधा लाल, गरम होऊन ताप आला, एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, गुडघा अडकून सरळच होईना, किंवा मधुमेह असून पाऊल बधिर झाले, तर लागवड संपायची वाट पाहू नका.

कळवणला उपजिल्हा रुग्णालय आहे. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केस पेपर, तपासण्या व उपचार मोफत आहेत. जाताना पायात रोजची झिजलेली चप्पलच असू द्या, सणाची नवी नको.