दाब, धर, सोड

मागच्या चाकाचा गळका सिलिंडर काढून नवा बसवला, लायनर लावले, ड्रम चढवला, की काम संपल्यासारखं वाटतं. मग ब्रेकवर पाय ठेवावा. पेडल काहीच विरोध न करता खाली जातं, कधी तर थेट तळाला टेकतं. पाईप सोडवला तेव्हा ब्रेक ऑइल बाहेर सांडलं आणि त्याच्या जागी हवा आत शिरली. ती हवा शेवटच्या बुडबुड्यापर्यंत बाहेर काढल्याशिवाय गाडी अंगणातून हलवायची नसते.

हे एअर काढायचं काम मी चिपळूणला घराच्या अंगणात करतो, आणि करताना पेडलवर आई असते. निवृत्त शिक्षिका, स्वतः गाडी चालवणारी. गाडीच्या पुस्तकात या कामासाठी लागणाऱ्या हत्यारांची यादी असते: पाना, नळी, बाटली, ऑइलचा डबा. पेडलवरच्या माणसाचा उल्लेख तिथे ‘मदतनीस’ एवढाच. माझ्या मते या कामातलं सगळ्यात महत्त्वाचं माणूस तेच. चाकापाशी बसलेल्याला बुडबुडे दिसतात, पण दाब कळत नाही. पेडलवरच्याला दाब कळतो, पण दिसत काहीच नाही. दोघांची माहिती एकत्र झाली तरच ब्रेकची खरी अवस्था समजते.

ब्रेकची सगळी रचना एका जुन्या नियमावर उभी आहे. बंदिस्त द्रवावर एका जागी दाब दिला तर तो सगळीकडे सारखाच पोचतो, हे ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकात मांडलं. १९२१ च्या ड्यूझेनबर्ग मॉडेल ए या अमेरिकन गाडीत चारही चाकांना द्रवाच्या दाबावर चालणारे ब्रेक आले. तत्त्व आजही तेच आहे. द्रव जवळजवळ आकसत नाही, म्हणून पायाने दिलेला जोर चाकापर्यंत पोचतो. हवा मात्र आकसते. एक घन सेंटिमीटरचा बुडबुडा दहापट दाबाखाली एक दशांश उरतो, म्हणजे ०.९ घन सेंटिमीटर जागा रिकामी होते. छोट्या गाडीचा, पेडलला जोडलेला मास्टर सिलिंडर २० मिलिमीटर व्यासाचा धरला, तर ती जागा भरायला त्याच्या पिस्टनला जवळपास ३ मिलिमीटर जास्त सरकावं लागतं. पेडलचा दांडा पायाचा जोर चौपट करणारा असेल, तर पायाला साधारण १२ मिलिमीटर जास्त खाली जावं लागतं. एवढा फरक एवढ्याशा एका बुडबुड्याने पडतो. असे तीन-चार अडकले असतील तर पेडलची बरीचशी चाल हवा दाबण्यातच जाते.

तयारीबद्दल थोडक्यात सांगतो. जमीन सपाट हवी, उरलेल्या चाकांना दगड लावलेले हवेत. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली हात घालायचा नाही, पक्के स्टँड लावायचे. इंजिन बंद. हवा सोडायच्या निपलवरची रबरी टोपी काढून भोवतीची माती ब्रशने साफ करायची. कोकणातल्या हवेत हे निपल गंजून घट्ट बसतात, म्हणून आदल्या रात्रीच गंज सोडवणारं तेल मारून ठेवावं. निपल बारीक आणि मधून पोकळ असतो. उघड्या तोंडाच्या पान्याने त्याचे कोपरे झिजतात आणि जबरदस्ती केली तर तो मोडून आत राहतो. आठचा किंवा दहाचा रिंग पाना, नेमका बसणारा, आणि हाताला सबुरी. निपलवर माशांच्या टाकीची पारदर्शक नळी घट्ट चढवायची आणि तिचं दुसरं टोक बाटलीतल्या थोड्या नव्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवून ठेवायचं. बाटली निपलपेक्षा वर टांगली तर नळीत आलेला बुडबुडा वरच चढतो, मागे फिरत नाही.

एक काळजी आईच्या बाजूची. जुन्या गाडीत पेडल रोज अर्ध्यापर्यंतच जातं. मास्टर सिलिंडरचा पुढचा भाग वापरात येत नाही, तिथे गंज आणि गाळ साचतो. एअर काढताना पेडल जोरात तळापर्यंत नेलं तर पिस्टनचं रबर त्या खरखरीत भागावर घासून फाटू शकतं. मग एक दुरुस्ती करताना दुसरी निघते. म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवतो. आईचा पाय ठोकळ्यावर टेकतो, त्यापुढे जात नाही.

मग शब्द ठरवायचे. मी म्हणतो, “दाब.” आई दोन-तीनदा सावकाश पेडल मारते, शेवटी दाबून धरते आणि म्हणते, “धरलंय.” मी निपल पाव फेरा सोडतो. नळीतून ऑइल सुटतं, तिच्या पायाखालून पेडल खाली जातं. “गेलं,” ती सांगते. पाय तिथेच. मी निपल आवळतो आणि मगच म्हणतो, “सोड.” हा क्रम चुकवायचा नाही. निपल उघडा असताना पाय उचलला तर सिलिंडर तीच हवा परत आत ओढून घेतो आणि आधीची मेहनत वाया जाते. म्हणून काम चालू असताना आमच्यात हे चार शब्द सोडून दुसरं बोलणं नसतं. फाटकातून कोणी हाक मारली तरी आई उत्तर देत नाही, हाताने थांबायची खूण करते. तिचा पाय माझ्या शब्दावर अवलंबून असतो आणि माझा पाना तिच्या.

सुरुवातीला नळीत काळपट तपकिरी ऑइल येतं, मध्येच हवेचे मोठे फुगे फटफट आवाज करत बाटलीत फुटतात. हा टप्पा सोपा, कारण हवा निघतेय हे कोणालाही दिसतं. काही फेऱ्यांनी फुगे लहान होतात, मग सुईच्या टोकाएवढ्या बुडबुड्यांची रांग येते. त्यानंतर एक फेरी स्वच्छ. बहुतेक जण इथे थांबतात, आणि इथेच थांबायचं नसतं. सिलिंडरच्या आतल्या कोपऱ्यांना, पाईपच्या वळणांना बुडबुडे चिकटून बसतात. पान्याच्या दांड्याने सिलिंडरच्या पाठीवर हलकेच टकटक करावं आणि पुढची फेरी घ्यावी. स्वच्छ वाटणाऱ्या नळीत अचानक एक टपोरा बुडबुडा येतो. तो पाहिला की कामाचा सगळा कंटाळा जातो. मी सलग काही फेऱ्या एकही बुडबुडा न येता जाईपर्यंत निपलची टोपी लावत नाही.

पेडल भराभर मारण्याचा मोह आवरायचा. घाईने मारलं की आतली हवा घुसळून बारीक फेस होतो, आणि फेस बाहेर काढणं मोठ्या फुग्यापेक्षा कितीतरी अवघड असतं. आईला हे एकदाच सांगावं लागलं. ती प्रत्येक वेळी तेवढ्याच सावकाश दाबते, आणि मला वाटतं वर्गात श्रुतलेखन घालणाऱ्या माणसालाच ही लय जमते.

दर तीन-चार फेऱ्यांनी बॉनेटखालच्या डबीकडे बघायचं. तिच्यातलं ऑइल तळाला गेलं तर वरूनच हवा शिरते आणि चारही चाकांचं काम नव्याने करावं लागतं. बाटलीत जमा झालेलं ऑइल पुन्हा डबीत ओतायचं नाही. ते हवेने, ओलाव्याने आणि गाळाने भरलेलं असतं. गटारात किंवा झाडाच्या मुळाशी ओतायचं नाही, बंद डब्यात भरून वापरलेलं तेल घेणाऱ्या गॅरेजकडे द्यायचं. रंगावर सांडलं तर लगेच भरपूर पाणी मारायचं, नाहीतर रंग फुगून सुटतो. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. या डबीत इंजिन ऑइलचा थेंबही जाता कामा नये, त्या तेलाचं नरसाळंसुद्धा वापरू नये. खनिज तेलाने ब्रेकमधली रबरं फुगतात आणि मग मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंतची सगळी रबरं बदलण्यावाचून मार्ग उरत नाही.

चाकांचा क्रम बहुतेक जुन्या पद्धतीत लांबून जवळ असा असतो. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, मास्टर सिलिंडरही त्याच बाजूला. म्हणून आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं आणि शेवटी पुढचं उजवं. पण अनेक छोट्या गाड्यांत ब्रेकचे दोन मार्ग तिरपे विभागलेले असतात, एका मार्गावर मागचं डावं आणि पुढचं उजवं, दुसऱ्यावर उरलेली दोन. अशा गाड्यांसाठी पुस्तकात वेगळा क्रम दिलेला असू शकतो, तो पाळावा.

कधी तासभर काढूनही पेडल मऊच राहतं. पुढचे कॅलिपर नुकतेच काढून बसवले असतील तर आधी निपल कुठे आहे ते बघावं. हवा वर चढते, म्हणून निपल कॅलिपरच्या वरच्या टोकाला असायला हवा. डावा कॅलिपर उजवीकडे आणि उजवा डावीकडे बसला तर निपल खाली येतो. खालून ऑइल स्वच्छ येत राहतं आणि वरच्या पोकळीत हवा तशीच राहते. अशा वेळी लिटरभर ऑइल घातलं तरी काही उपयोग नाही. कॅलिपरला येणाऱ्या पाईपचे तांब्याचे वॉशर जुनेच वापरले असतील तर तिथेही नजर टाकावी, झिरपण्याची सुरुवात बहुधा तिथून होते.

जिथे काम केलं तेवढ्याच चाकाची हवा काढून थांबणं मला पटत नाही. बहुतेक गाड्यांतलं डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइल हवेतला ओलावा शोषतं, आणि कोकणात ओलाव्याची कमतरता नाही. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असं मानक आहे. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. चिपळूणहून कराडला जायचं तर कुंभार्ली घाट आहे. परतताना सगळा उतार. न्यूट्रलमध्ये गाडी सोडून नुसत्या ब्रेकवर उतरणाऱ्याचे पुढचे कॅलिपर इतके तापू शकतात की जुनं ऑइल आतच उकळतं. त्याची वाफ होते, आणि वाफही हवेसारखीच आकसते. अंगणात कडक असलेलं पेडल घाटात पोकळ होतं. गाडी थंड झाली की ते पुन्हा कडक लागतं, त्यामुळे गॅरेजमध्ये दाखवायला काहीच उरत नाही. म्हणून चारही चाकांतून नवं फिकट पिवळं ऑइल येईपर्यंत काम करायचं, साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं, आणि उतारावर दुसरा गिअर सोडायचा नाही.

निपल आवळून, टोप्या लावून झाल्यावर ठोकळा काढून घेतो आणि परीक्षा आईकडे सोपवतो. इंजिन बंद ठेवून ती पेडल चार-पाचदा मारते, पायाच्या जोराला मदत करणाऱ्या बूस्टरमधला उरलेला निर्वात संपतो आणि पायाला खरा दाब लागतो. मग जोर देऊन अर्धा मिनिट धरते. पाय स्पंजावर दाबल्यासारखा लागला तर हवा अजून आत आहे. धरलेलं पेडल हळूहळू खाली सरकत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचं रबर आतून दाब सोडतंय. पहिल्या दाबाला पेडल खोल जाऊन दुसऱ्या-तिसऱ्याला उंच आणि कडक होत असेल, तर मागच्या ड्रममधले लायनर ढिले असण्याची शक्यता मोठी. ते आवळून मग पुन्हा बघायचं. शेवटी पाय दाबलेला ठेवून इंजिन सुरू करायचं. पेडल थोडं खाली बसतं, ते बूस्टरचं काम आहे, त्याला घाबरायचं नाही.

घरच्या कामाची एक मर्यादा आहे आणि ती मानली पाहिजे. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. आमच्या जुन्या गाडीत ते नाही. एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली तर नुसत्या पायाने ती निघेलच असं नाही. अनेक गाड्यांत आतला पंप आणि व्हॉल्व्ह स्कॅनर लावून चालवावे लागतात. तेव्हा गाडी स्वतः चालवत न नेता उचलून गॅरेजला न्यायची.

मागे एकदा माझ्या हिशोबाने चारही चाकं स्वच्छ झाली होती. आईने पेडल धरलं आणि म्हणाली, “पुढे काहीतरी बसतंय रे, थोडंसं.” नळीत मला काहीच दिसलं नव्हतं. पुढच्या डाव्या चाकाचा निपल पुन्हा उघडला, कॅलिपरवर टकटक केलं, आणि दोन फेऱ्यांनंतर बुडबुडा आला. तिने पुन्हा दाबून बघितलं आणि मान हलवली. त्यानंतरच मी स्टँड काढले. वाडीतल्या रिकाम्या रस्त्यावर, हाताशी हँडब्रेक ठेवून, चालण्याच्या वेगाने पहिले ब्रेक मारून पाहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही निपल कोरडे होते, डबीतली पातळी खुणेवर होती, आणि चाकांचे नट पुन्हा एकदा आवळून घेतले.