बॅटरीत उरलंय किती? बॅटरी मॉनिटर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कलबुर्गी जिल्ह्यातल्या आळंदहून अक्कलकोटकडे किंवा उमरग्याकडे निघालं, की गाव मागे पडताच रानातल्या वस्त्या दिसू लागतात. काळ्या रानाच्या बांधाला दोन खोल्या, पुढे पत्र्याचं शेड, बाजूला गोठा आणि पत्र्यावर दोन सोलर पॅनेल. शेतपंपाची थ्री फेज लाईट ठरावीक तासांपुरती येते. घरातला उजेड, पंखा, मोबाईल, फवारणीचा चार्जिंगचा पंप आणि रानडुकरं पिकात घुसू नयेत म्हणून लावलेलं झटका मशीन, एवढा सगळा भार त्या दोन पॅनेलांवर आणि खोलीतल्या एका बॅटरीवर असतो. अशा घरात रात्री एकच प्रश्न पडतो : बॅटरीत उरलंय किती?

याचं उत्तर नसलं की नुकसान दोन्हीकडून होतं. काही घरांत बॅटरी रोज तळापर्यंत ओढली जाते आणि पाच वर्षं चालायची ती दोन वर्षांत बसते. काही घरांत बॅटरीत भरपूर शिल्लक असूनही भीतीपोटी दिवे मालवले जातात. शिल्लक सांगणारं यंत्र म्हणजे बॅटरी मॉनिटर. मात्र तो कोणता घ्यावा, कुठे बसवावा आणि त्याच्यावर किती विश्वास ठेवावा, याबद्दल बरेच चुकीचे समज पसरलेले आहेत. (पीएम-कुसुम योजनेतला सौर पंप सहसा बॅटरीशिवायच चालतो. त्याला हा मॉनिटर लागत नाही.)

गैरसमज १ : व्होल्ट पाहिले की बॅटरी किती भरली ते कळतं.

वस्तुस्थिती : विहीर आठवा. मोटर चालू असताना विहिरीत डोकावलं तर पाणी खाली गेलेलं दिसतं. मोटर बंद करून तासाभराने पाहिलं तर झऱ्यांनी पातळी पुन्हा वर आणलेली असते. बॅटरीचे व्होल्ट असेच वागतात. मिक्सर लावला की १२.४ वरून ११.६ वर येतात, बंद केला की हळूहळू वर चढतात. दुपारी पॅनेल चालू असताना १४ व्होल्ट दिसतात, तेव्हा बॅटरी अर्धीच भरलेली असू शकते. व्होल्टवरून खरा अंदाज हवा असेल तर बॅटरीला काही तास ना भार हवा, ना चार्जिंग. घरात माणसं राहत असताना अशी वेळ फार तर पहाटे, सगळं बंद असताना मिळते.

शिवाय मोबाईलवर फिरणारे तक्ते बहुतेक गाडीच्या बॅटरीचे असतात. लेड-ॲसिड बॅटरीच्या एका सेलचे विश्रांतीतले व्होल्ट साधारणपणे ॲसिडची ग्रॅव्हिटी अधिक ०.८४ एवढे असतात. गाडीच्या पूर्ण भरलेल्या बॅटरीत ग्रॅव्हिटी १.२८० च्या आसपास असते, म्हणजे सहा सेलचे सुमारे १२.७ व्होल्ट. आपल्याकडच्या घरगुती ट्यूब्युलर बॅटऱ्यांत अनेकदा ती १.२४० च्या आसपास असते, म्हणजे पूर्ण भरलेली बॅटरीसुद्धा सुमारे १२.५ व्होल्टच दाखवते. गाडीच्या तक्त्यावर हीच बॅटरी जेमतेम पाऊण भरलेली ठरते आणि मालक उगीच पॅनेलला दोष देतो.

मॉनिटर वेगळं काम करतो. तो पातळी बघत नाही, बादल्या मोजतो. बॅटरीत किती अँपिअर आले, किती गेले, किती वेळ, याचा जमाखर्च मांडतो आणि त्यावरून शिल्लक सांगतो.

गैरसमज २ : चार्ज कंट्रोलरवर बॅटरीचं चित्र दिसतं, मग वेगळा मॉनिटर कशाला?

वस्तुस्थिती : साध्या कंट्रोलरवरचं चार दांड्यांचं चित्र व्होल्टवरच चालतं, म्हणून पहिल्या गैरसमजातल्या सगळ्या अडचणी त्यालाही आहेत. दुसरी अडचण त्याहून मोठी. इन्व्हर्टर बहुतेक ठिकाणी थेट बॅटरीला जोडलेला असतो. त्याने ओढलेला करंट कंट्रोलरमधून जातच नाही. कंट्रोलरला जमा दिसते, खर्च दिसत नाही.

आणि तो खर्च लहान नसतो. पंखा, टीव्ही सगळं बंद असतानाही चालू ठेवलेला छोटा इन्व्हर्टर स्वतःसाठी १० ते १२ वॅट घेऊ शकतो. १२ व्होल्टच्या बॅटरीवर हा सुमारे १ अँपिअर झाला, म्हणजे दिवसाला २४ एएच (अँपिअर-तास). दीडशे एएचच्या बॅटरीचा जवळजवळ सहावा हिस्सा कुणी काही न वापरता गेला. मॉनिटर बसवल्यावर अनेकांना पहिला शोध याच गळतीचा लागतो.

गैरसमज ३ : शंट मध्ये कुठेही जोडला तरी चालतो.

वस्तुस्थिती : शंट म्हणजे अगदी कमी, पण नेमका रोध असलेली धातूची पट्टी. तिच्यातून करंट गेला की दोन टोकांत काही मिलिव्होल्टचा फरक पडतो आणि त्यावरून मॉनिटर करंट ओळखतो. पट्टीला जे टाळून जातं, ते मोजलं जात नाही. म्हणून नियम सोपा आहे : बॅटरीच्या निगेटिव्ह बोल्टवर एकच जाड केबल, ती शंटच्या बॅटरीकडच्या टोकाला. इन्व्हर्टर, कंट्रोलर, दिवे, सगळ्यांच्या निगेटिव्ह तारा शंटच्या दुसऱ्या टोकाला.

चूक कुठे होते? झटका मशीनचे चिमटे सोयीसाठी थेट बॅटरीच्या बोल्टला लावले जातात. ते रात्रभर चालतं आणि हिशेबात येतच नाही. २४ व्होल्टसाठी दोन बॅटऱ्या जोडलेल्या असतील, तर त्यातल्या एकीवरून १२ व्होल्टची जोडणी काढली जाते. त्याने हिशेब तर चुकतोच, पण ती एक बॅटरी कायम उपाशी राहून दोघींची जोडी बिघडते. मॉनिटरला वीज देणारी बारीक लाल तार पॉझिटिव्हवरून घेताना फ्यूज लावलाच पाहिजे. बॅटरीच्या दोन बोल्टांवर पाना आडवा पडला तर काय होतं, हे एकदा पाहिलेला माणूस फ्यूज विसरत नाही.

गैरसमज ४ : बॅटरीवर १५० एएच लिहिलंय, म्हणजे १५० एएच मिळणार.

वस्तुस्थिती : त्या आकड्याशेजारी सी१० की सी२० लिहिलंय, तेही वाचा. सी१० म्हणजे १५ अँपिअरने ओढली तर १० तास. सी२० म्हणजे ७.५ अँपिअरने २० तास. जर्मनीतल्या विल्हेल्म पॉयकर्ट यांनी १८९७ साली दाखवून दिलं, की लेड-ॲसिड बॅटरी जितकी जोरात ओढाल, तितकं तिच्यातून एकूण कमी मिळतं. त्यांच्या सूत्रात घातांक १.२ धरला, तर सी२० ची १५० एएचची बॅटरी ६० अँपिअरने ओढल्यावर अडीच तास टिकत नाही, सुमारे १ तास ४० मिनिटांत संपते. मिळतात १०० एएचच्या आसपास.

इथेही विहीरच समोर येते. मोठ्या मोटरीने उपसलं की विहीर लवकर तळ दाखवते, हळू उपसलं तर झरे साथ देतात. चांगल्या मॉनिटरमध्ये क्षमता आणि पॉयकर्ट घातांक भरता येतो. बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर नव्या बॅटरीचा आकडा भरू नका. जुन्या बॅटरीला १५० सांगून ठेवलं, तर मॉनिटर ४० टक्के शिल्लक दाखवत असताना घरात अंधार होईल.

गैरसमज ५ : एकदा बसवला की टक्का कायम खरा.

वस्तुस्थिती : प्रत्येक हिशेबात बारीक चुका साचत जातात. लेड-ॲसिडमध्ये घातलेलं सगळं परत मिळत नाही. काढलेल्या १०० एएचसाठी साधारण १०५ ते ११५ परत घालावे लागतात. हे प्रमाण मॉनिटर अंदाजाने धरतो. म्हणून बॅटरी पूर्ण भरली की त्याने हिशेब पुन्हा १०० वर आणायचा असतो. ही खूण दोन गोष्टींवरून ठरते : व्होल्ट ठरलेल्या आकड्याच्या वर, आणि बॅटरीत जाणारा करंट क्षमतेच्या सुमारे २ ते ४ टक्क्यांवर उतरलेला. १५० एएचला तो ३ ते ६ अँपिअर होतो.

आषाढ-श्रावणात इथेच घोटाळा होतो. आठवडाभर आभाळ असलं की बॅटरी एकदाही पूर्ण भरत नाही आणि टक्का दिवसेंदिवस खऱ्यापासून सरकत जातो. कधी उलट होतं : बॅटरी भरत आलेली असताना ढग येतो, पॅनेलचा करंट पडतो, व्होल्ट मात्र अजून वरच असतात. मॉनिटरला वाटतं बॅटरी भरली, आणि तो १०० दाखवतो. उपाय असा की ‘पूर्ण भरली’ची व्होल्ट-मर्यादा कंट्रोलरच्या चार्जिंग व्होल्टच्या फक्त ०.२ ते ०.३ खाली ठेवावी आणि खात्री करण्याची वेळ काही मिनिटांनी वाढवावी. पावसाळ्यात टक्क्याच्या जोडीला पहाटेचे व्होल्टही बघत जावेत.

गैरसमज ६ : शंट जितका मोठा तितका चांगला.

वस्तुस्थिती : ५०० अँपिअर, ५० मिलिव्होल्टच्या शंटवर अर्ध्या अँपिअरचा दिवा ०.०५ मिलिव्होल्ट उमटवतो. १०० अँपिअर, ७५ मिलिव्होल्टच्या शंटवर तोच दिवा ०.३७५ मिलिव्होल्ट देतो, साडेसात पट. महागडे मॉनिटर मोठ्या शंटवरचा बारीक करंटही नीट वाचतात, स्वस्तातले बहुधा नाही. छोट्या घराचा रात्रीचा खर्च तर बारीकच असतो. १२ व्होल्टवर ८५० व्हीएचा इन्व्हर्टर पूर्ण भाराला साधारण ६५-७० अँपिअर ओढतो, त्याला १०० चा शंट पुरतो. शंट बदललात तर मॉनिटरमधला आकडाही बदला. ५० मिलिव्होल्टच्या नोंदीवर ७५ चा शंट लावला, तर प्रत्येक करंट दीडपट दिसेल.

एक खबरदारी खरेदीच्या वेळेची. ‘डीसी मीटर’ नावाने मिळणारी अनेक स्वस्त यंत्रं करंट एकाच दिशेचा मोजतात. बॅटरीला जमाही मोजणारं आणि खर्चही मोजणारं यंत्र लागतं. केबलभोवती कड्यासारखे बसणारे हॉल सेन्सरचे मॉनिटर जोडायला सोपे असतात, पण उष्णतेने त्यांचं शून्य सरकू शकतं आणि बारीक करंट निसटतो.

गैरसमज ७ : लिथियमला बीएमएस असतो, मॉनिटर नको.

वस्तुस्थिती : बीएमएसचं (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिमचं) पहिलं काम राखणदारीचं आहे. सेल फार भरला, फार रिकामा झाला किंवा फार तापला, की जोडणी तोडणं. काही बीएमएस मोबाईलवर टक्काही दाखवतात. असा बीएमएस बारीक करंटही धरत असेल तर वेगळा मॉनिटर लागणार नाही. दाखवत नसेल, तर लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीला मॉनिटरची गरज लेड-ॲसिडपेक्षा जास्त आहे. कारण तिचे व्होल्ट २० ते ९० टक्क्यांच्या दरम्यान १३.० ते १३.३ मध्येच रेंगाळतात. तिथे व्होल्टवरून अंदाज बांधायला काही उरतच नाही.

गैरसमज ८ : मॉनिटर बसवला की बॅटरी जास्त टिकते.

वस्तुस्थिती : मॉनिटर हिशेब ठेवतो, राखण माणसानेच करायची. पाणी कमी झालेलं त्याला कळत नाही. एखादा सेल बसला तर ते ग्रॅव्हिटी बघूनच समजतं, म्हणून हायड्रोमीटर घरात हवाच. आणि कलबुर्गीचा उन्हाळा ४० अंशांवर जातो, तेव्हा पत्र्याच्या शेडमधली बॅटरी त्याहून तापते. लेड-ॲसिडचं आयुष्य दर ८ ते १० अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं. ती बॅटरी मातीच्या भिंतीच्या, हवा खेळणाऱ्या खोलीत हलवणं, हे कोणत्याही मॉनिटरपेक्षा मोठं काम आहे.

मग घ्यावा कोणता?

नुसते दोन दिवे आणि मोबाईल असेल तर मॉनिटरवर खर्च करू नका. पहाटेचे व्होल्ट आणि महिन्यातून एकदा ग्रॅव्हिटी पुरे. इन्व्हर्टर असलेल्या घराने १०० अँपिअरचा शंट असलेला, दोन्ही दिशांनी मोजणारा, क्षमता आणि ‘पूर्ण भरली’च्या खुणा भरता येतील असा मॉनिटर घ्यावा. त्याचा पडदा बॅटरीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात नको, माणसं बसतात तिथे हवा.

आता त्याच वस्तीवर रात्री ९ वाजता बघा. मॉनिटर ८० टक्के दाखवतोय आणि नोंदी बरोबर भरलेल्या आहेत. पंखा, इन्व्हर्टर आणि झटका मशीन मिळून ४ अँपिअर धरले, तर सकाळी ६ पर्यंत ३६ एएच जातील, म्हणजे दीडशे एएचच्या बॅटरीचे २४ टक्के. पहाटे ५६ उरतील, अर्ध्याच्या वर. लेकराच्या अभ्यासाचा ९ वॅटचा दिवा आणखी दोन तास ठेवला, तर जाईल जेमतेम १ टक्का. तो दिवा मालवायचं काही कारण नाही.