आजी स्वयंपाकघरात आहेत की हॉलमध्ये?

कार्यालयात खुर्चीवर स्वस्थ वाचत बसलं की दिवे विझतात आणि हात हलवून ते परत लावावे लागतात, हा अनुभव अनेकांना असेल. छतावरच्या पीआयआर सेन्सरला माणूस दिसतच नाही. आपल्या अंगातून सुमारे १० मायक्रोमीटर तरंगलांबीचे अवरक्त किरण सतत बाहेर पडतात. हालचालीमुळे त्यांत पडणारा फरक तेवढा त्याला कळतो. स्तब्ध बसलेला माणूस त्याच्या लेखी नाहीच. उलट मांजर गेली, कोवळं ऊन आत सरकलं, तरी तो जागा होतो.

म्हणून त्याला सोबती देतात. दारावरची चुंबकाची कळ दार उघडल्याचं सांगते, पण कोणी आत आलं की बाहेर गेलं, ते नाही. मिलिमीटर-लहरींचा रडार श्वासाने हलणारी छातीसुद्धा टिपतो. मात्र फिरता पंखाही त्याला चकवतो. एकही साक्षीदार पूर्ण भरवशाचा नाही.

आता या साक्षीदारांच्या खुणांची जोडणी यंत्रणा कशी करते ते पाहू. समजा, आजी घरात एकट्या आहेत. यंत्रणेच्या अंदाजाने त्या हॉलमध्ये असण्याची शक्यता ७० टक्के, स्वयंपाकघरात ३०. तेवढ्यात स्वयंपाकघरातला सेन्सर वाजला. तिथे कोणी असेल तर तो १०० पैकी ९० वेळा वाजतो, नसतानाही १० वेळा. मग ३० ला ०.९ ने गुणायचं, २७ येतात. ७० ला ०.१ ने, ७ येतात. एकूण ३४ पैकी २७, म्हणजे जवळजवळ ७९ टक्के. एका खुणेने पारडं फिरलं, पण शंभर टक्के खात्री झाली नाही, आणि तसंच असायला हवं. पुढची खूण आली की हाच हिशेब पुन्हा. शिवाय घराचा नकाशा हाताशी असतो: हॉल ओलांडल्याशिवाय झोपण्याच्या खोलीत जाता येत नाही, तेव्हा तशी उडी दाखवणारी खूण संशयास्पद.

खरी पंचाईत आजोबा घरी आले की होते. ‘कुठे’ कळतं, ‘कोण’ कळत नाही. केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत १९९० च्या सुमारास कर्मचाऱ्यांना ‘ॲक्टिव्ह बॅज’ दिले होते. दर १५ सेकंदांनी ते अवरक्त किरणांतून स्वतःचा क्रमांक सांगत. मात्र बॅज टेबलावर राहिला, तर क्रमांक तिथेच बसून राहतो. बाकीचे सेन्सर मात्र माणूस दुसरीकडे हिंडत असल्याचं सांगतात आणि विसंगती उघड होते.

बॅजविना दोघं बोळकांडीत एकमेकांना ओलांडून गेले, तर शहाणी यंत्रणा निकाल देत नाही. अदलाबदल झाली आणि झाली नाही, अशा दोन्ही वह्या ती चालू ठेवते. पुढे आजोबांचा फोन गॅलरीत सापडला की त्यातली एक मिटते.